काउबॉय नक्की काय खायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेक्सासला बहिणीकडे गेलो होतो तेव्हा एका चकवॅगन कुकिंगच्या स्पर्धेला जाऊन आलो, आणि तिथले फोटो दाखवायला लागल्यापासून लोकांचे प्रश्न काही थांबत नाहीयेत. त्यात तेच तेच दहा-पंधरा प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून सगळी उत्तरं एकदाच इथे लिहून टाकतोय. एक गोष्ट आधीच सांगतो, इथे काउबॉय म्हणजे १८६६ पासून १८८० चं दशक संपेपर्यंत टेक्सासमधून उत्तरेला गुरं हाकत नेणारे लोक. नंतरच्या रँचवरच्या (रँच म्हणजे गुरं पाळायची मोठी जागा) काउबॉयचं जेवण वेगळं होतं आणि बहुतेक घोळ तिथेच होतो, त्याबद्दल प्रश्न ४ बघा.

१. कॅटल ड्राइव्ह म्हणजे काय? गुरं पायी का न्यायचे, ट्रेन नव्हती का?

ट्रेन होती पण टेक्सासच्या कुरणांपर्यंत आलेली नव्हती. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं तेव्हा टेक्सासमध्ये लाँगहॉर्न गुरं इतकी माजली होती की तिथे एका जनावराला जेमतेम तीन-चार डॉलर मिळायचे आणि उत्तरेच्या बाजारात त्याच जनावराला दहापट भाव. मग गुरं रेल्वेपर्यंत चालवत न्यायची, एवढाच हिशोब. १८६७ मध्ये जोसेफ मॅकॉय नावाच्या व्यापाऱ्याने कॅन्ससमधल्या ॲबिलीन गावात रेल्वेलगत मोठे गोठे बांधले आणि चिझम ट्रेल नावाच्या वाटेने टेक्सासहून कळप यायला लागले. एका कळपात दोन-अडीच हजार गुरं, हाकणारे दहा-बारा जण, दिवसाला १५ ते २५ किलोमीटर, आणि एकूण प्रवास दोन-तीन महिन्यांचा. पुढे काटेरी तारेची कुंपणं आली आणि वाटा अडल्या (जोसेफ ग्लिडनचं तारेचं पेटंट १८७४ चं), रेल्वे टेक्सासात शिरली, आणि टेक्सासच्या गुरांबरोबर गोचिडीचा ताप येतो म्हणून कॅन्ससने १८८५ ला त्यांना बंदीच घातली. म्हणजे सगळा खेळ जेमतेम वीस वर्षांचा, आणि त्यावर सिनेमे किती निघाले बघा.

२. चकवॅगन काय प्रकार आहे? चार्ल्सवरून चक असं नाव पडलं हे खरं का?

चकवॅगन म्हणजे चाकांवरचं स्वयंपाकघर. चार्ल्स गुडनाइट नावाच्या टेक्सासच्या रँचरने १८६६ मध्ये लष्कराची जुनी वॅगन घेतली आणि तिच्या मागच्या बाजूला कप्पे-ड्रॉवर असलेलं उभं लाकडी कपाट बसवलं. कपाटाचं झाकण खाली उघडतं, त्याला एक पाय लावला की झाला ओटा. बाजूला पाण्याचं पिंप, कॉफीची चक्की, आणि वॅगनच्या पोटाखाली गाईचं कातडं झोळीसारखं ताणून बांधलेलं ज्यात जळण टाकायचं (जळण कसलं ते प्रश्न ७ मध्ये). स्पर्धेत मी अशा एका कपाटाचे ड्रॉवर उघडून बघितले, एकात पीठ, एकात वाळलेली सफरचंदं, एकात सुईदोरा-वस्तरा आणि औषधाच्या बाटल्या, आजीच्या फडताळाचीच आठवण झाली.

नावाचं म्हणाल तर नाही, चार्ल्सला लाडाने चक म्हणतात हे खरं असलं तरी चक म्हणजे खाणं हा बोलीतला शब्द गुडनाइटच्या खूप आधीपासून इंग्रजीत होता. योगायोग छान आहे एवढंच. २००५ मध्ये टेक्सासने चकवॅगनला राज्याचं अधिकृत वाहन जाहीर केलं.

३. एवढी गुरं सोबत म्हणजे रोज स्टेकच हाणत असतील ना?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, आणि उत्तर नाही असं आहे. ती गुरं म्हणजे विकायचा माल होता आणि बहुतेक वेळा मालक दुसराच असायचा. दूध विकणाऱ्याच्या घरी पोरांना चहापुरतं दूध मिळतं, तसलाच प्रकार. शिवाय साधा हिशोब करा, एक जनावर कापलं तर दीड-दोनशे किलो मांस निघणार, खाणारे बारा जण, उन्हाळा, फ्रीज नाही, आणि उद्या सकाळी तळ हलवायचाय. म्हणजे अर्ध्याहून जास्त टाकून द्यायचं.

खाल्लंच नाही असं मात्र नाही हां. पाय मोडलेलं जनावर, नदी ओलांडताना जायबंदी झालेलं, किंवा दुसऱ्याच्या कळपातलं चुकून आपल्यात घुसलेलं (ह्या शेवटच्या बाबतीत लोक फार उदार असायचे, स्वतःच्या मालकाचं सोडून दुसऱ्याचं जनावर कापायला कोणाचीच ना नसायची). तसं ताजं मांस मिळालं की कुक त्याचे पातळ काप करायचा, पिठात घोळवायचा आणि चरबीत खरपूस तळायचा, आतून पूर्ण शिजेपर्यंत. हल्लीच्या रेस्टॉरंटात मध्ये लाल ठेवलेला जाडजूड स्टेक काउबॉयच्या नावाने खपवतात, तो त्या काळच्या काउबॉयपुढे ठेवला असता तर ‘हे जनावर अजून वाचेल’ म्हणून परत पाठवला असता.

४. पण मी तर वाचलंय की काउबॉय भरपूर बीफ खायचे, जुने फोटो पण आहेत. मग खोटं कोण?

कोणीच नाही, काळ वेगळा. ड्राइव्ह म्हणजे लांबचा प्रवास, आणि राउंडअप म्हणजे रँचवरच गुरं गोळा करून वासरांना डाग देण्याचं काम. राउंडअपला माणसं जास्त, मालक स्वतः जवळ, आसपासच्या दोन-तीन रँचच्या वॅगनी एकत्र, त्यामुळे एखादं जनावर कापलं तर संपायचं. मांस रात्रीच्या गारव्यात टांगून ठेवायचे आणि दिवसा ताडपत्रीत गुंडाळून वॅगनच्या सावलीत. हे ड्राइव्ह बंद पडल्यानंतरही कितीतरी वर्षं चालू राहिलं, अजूनही काही मोठ्या रँचवर वसंतात वॅगन बाहेर काढतात. आणि आपण चकवॅगनचे जे प्रसिद्ध फोटो बघतो, अर्विन स्मिथ नावाच्या फोटोग्राफरचे वगैरे, ते १९०५ नंतरचे. म्हणजे चिझम ट्रेल बंद होऊन वीस वर्षं उलटल्यावरचे! ते फोटो बघून सिनेमावाल्यांनी सेट उभे केले, सेट बघून हॉटेलवाल्यांनी मेन्यू, आणि मेन्यू बघून आपण. ड्राइव्हवरचं जेवण शोधायचं असेल तर आधी तारीख बघायची, एवढं केलं तरी निम्मे वाद मिटतात.

५. मग रोज ताटात काय असायचं?

बीन्स, खारवलेलं डुकराचं मांस, बिस्किटं, काळी कॉफी. दुसऱ्या दिवशी? बीन्स, खारवलेलं डुकराचं मांस, बिस्किटं, काळी कॉफी. मध्येच कधी वाळलेल्या सफरचंदाचं किंवा पीचचं शिजवलेलं काहीतरी, कधी बेदाणे घातलेला भात ज्याला ‘ठिपकेवालं पिल्लू’ म्हणायचे, आणि गोडाला काकवी. यादी बघितली की लक्षात येतं की ह्यातलं एकही चवीसाठी निवडलेलं नाही. महिनाभर टिकेल, धक्के खाऊन सांडणार नाही, ओलं होऊन कुजणार नाही, तेवढंच वॅगनमध्ये चढायचं.

बीन्स म्हणजे बहुतेक वेळा पिंटो, राजम्याच्याच जातीतल्या, फिक्या रंगावर तांबूस ठिपके-पट्टे. साताऱ्याकडच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा बघितलाय का? जवळपास तसाच, वनस्पतीची जातही तीच, आणि नावाची गंमत पण सारखी कारण पिंटो म्हणजे स्पॅनिशमध्ये रंगवलेलं. मी बहिणीच्या किचनमध्ये पिंटोची पिशवी उघडली तेव्हा म्हटलं अगं हा तर आपला घेवडा. काउबॉय ह्यांना ‘शिट्टीवाली बोरं’ म्हणायचे, का ते सांगायची गरज नाही, आणि सिनेमात शेकोटीभोवतीचा जो विनोद नेहमी असतो तो तेवढा शंभर टक्के ऑथेंटिक आहे. फक्त सिनेमातल्या गोड टोमॅटो सॉसवाल्या डब्यातल्या बीन्स नव्हेत, ह्या रात्रभर भिजवून खाऱ्या मांसाचा तुकडा टाकून मंद आचेवर तासन् तास शिजवलेल्या.

६. बिस्किट म्हणजे चहात बुडवायचं बिस्किट?

नाही. हे मऊ, फुगलेलं, पावाच्या छोट्या लादीसारखं, गरमगरम खायचं. आंबवलेल्या पिठाचं. कुककडे एक लाकडी पिंप किंवा बरणी असायची ज्यात आंबवण जिवंत ठेवलेलं, रोज त्यातलं थोडं वापरायचं आणि पीठ-पाणी घालून परत भरायचं, आपलं दह्याचं विरजण जपतो अगदी तसं. दिवसा पिंप उन्हात, आणि थंडीच्या रात्री कुक ते स्वतःच्या अंथरुणात घेऊन झोपायचा कारण गारठलं की संपलं. सोडा, बेकिंग पावडर त्या काळात मिळत होती पण ती वाटेत संपली तर दुकान कुठे? आंबवण संपत नाही. मक्याचं पीठसुद्धा न्यायचे, पण गव्हाच्या बिस्किटाला मान जास्त, ज्याची बिस्किटं चांगली त्या कुकची कीर्ती कळपाच्या पुढे धावायची. भाजायचे कशात ते प्रश्न ८.

७. त्या माळरानावर झाडं नाहीत, मग स्वयंपाक कशावर?

शेणावर! हे सांगितलं की अमेरिकेतली मुलं ‘ईऽऽ’ करतात आणि आपल्याकडचे आजी-आजोबा मान डोलावतात. तिकडे कोणी गोवऱ्या थापत नव्हतं, रानगव्यांचं म्हणजे बायसनचं आणि गुरांचं शेण माळावर पडून उन्हात आपोआप वाळलेलं, आपल्याकडे ज्याला रानशेणी म्हणतात ते. वाळलेलं असेल तर छान धगधगतं पण भराभर संपतं आणि राख ढीगभर, त्यामुळे एका जेवणाला पोतंभर लागायचं. पावसात भिजलं की नुसता धूर. म्हणून कोरडं मिळेल तिथे गोळा करून ते वॅगनखालच्या कातडी झोळीत टाकत जायचे. सिनेमात मात्र ओसाड माळावर रोज रात्री ओंडक्यांची उंच शेकोटी पेटलेली असते, ते ओंडके कुठून आणले हे कोणी विचारत नाही. नदीकाठी लाकूड मिळायचं, नाही असं नाही, पण उत्तरेला जाल तसं कमी.

८. डच ओव्हन म्हणजे कसला ओव्हन, वीज कुठे होती?

जाड बिडाचं तीन पायांचं पातेलं, आणि झाकणाला वर कड असते म्हणजे त्यावर निखारे ठेवले तर घसरत नाहीत. खाली निखारे, वर निखारे, मध्ये बिस्किटं. आपल्याकडे कुकरच्या आधी पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवून केक-नानकटाई करायचे ना, तेच तत्त्व. स्पर्धेत एका आजोबांनी लोखंडी आकड्याने ते झाकण उचललं, एक कणही राख आत पडू दिली नाही, मग माझ्याकडे बघून डोळा मारला. मी घरी करून बघितलं तेव्हा अर्धी राख बिस्किटांवर.

९. काउबॉय कॉफी कशी करायचे? खरंच एवढी कडक?

कडक म्हणजे, घोड्याची नाल टाकून बघा, बुडली तर कॉफी पातळ, असं ते स्वतःच म्हणायचे. मोठ्या किटलीत पाणी उकळायचं, त्यात मूठमूठ कॉफी, आणि उकळू द्यायचं, खाली बसवण्यासाठी वरून गार पाण्याचा शिपका. रात्री गुरांवर पहाऱ्याच्या पाळ्या असायच्या म्हणून किटली रात्रभर निखाऱ्यावर. दूध नाही, साखर असली तर असली.

ब्रँड एकच, आर्बकल. त्याआधी कॉफी हिरवी मिळायची, स्वतः भाजा, भाजताना जाळा. पिट्सबर्गच्या जॉन आर्बकलने भाजलेल्या दाण्यांवर अंडं-साखरेचा पातळ थर द्यायची युक्ती काढली, १८६८ चं पेटंट आहे, त्यामुळे दाणे शिळे होईनात. पुड्या एक-एक पौंडाच्या आणि प्रत्येक पुडीत पेपरमिंटची एक कांडी. संध्याकाळी कुक ओरडायचा, आज गोळी कोणाला पाहिजे, आणि बंदूकवाले दाढीवाले गडी कॉफीची चक्की फिरवायला भांडायचे कारण जो दळेल त्याला पेपरमिंट! मला विचाराल तर अख्ख्या वेस्टर्न सिनेमात हा एक सीन असायला हवा होता.

१०. एवढ्या गाई असून दूध-लोणी-ताक काहीच नाही?

नाही. बाजारात जाणारे बहुतेक बैलच, आणि लाँगहॉर्न गाय जवळपास रानटी, तिच्या शिंगांकडे बघूनच धार काढायचा विचार सोडून द्याल. वाटेत जन्मलेलं वासरू कळपाबरोबर चालू शकत नाही म्हणून बहुतेक ठिकाणी त्याला सकाळी मारूनच टाकायचे, वाचायला वाईट वाटतं पण तसंच होतं. लोण्याऐवजी काकवीत डुकराची चरबी कालवून बिस्किटाला लावायचे. नंतर नंतर कंडेन्स्ड मिल्कचे डबे आले, आणि त्याचं १८५६ चं पेटंट घेणारा गेल बोर्डन हा कितीतरी वर्षं टेक्सासमध्येच राहिलेला माणूस.

११. पण रोडिओच्या (काउबॉयच्या कसरतींच्या स्पर्धेच्या) व्हिडिओत वशिंडवाली गुरं दिसतात, ती तर आपली वाटतात?

आपलीच. अमेरिकन ब्राह्मण ही जात गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपलं कृष्णाखोरे अशा रक्तांतून तयार झाली. पण ही गुरं तिकडे मोठ्या संख्येने रुजली ती विसाव्या शतकात. चिझम ट्रेलवरच्या सीनमध्ये वशिंड दिसलं तर डायरेक्टरची चूक.

१२. सन ऑफ अ गन स्ट्यू म्हणजे काय? खरं नाव वेगळं आहे म्हणे?

खरं नाव शिवी आहे, बायकांसमोर हे सौम्य केलेलं म्हणायचे. वासरू कापलं की त्याच दिवशी काळीज, हृदय, जीभ, भेजा, आणि एक खास गोष्ट, दूध पिणाऱ्या वासराच्या पोटाजवळची नळी ज्यात अर्धवट पचलेलं दूध असतं, हे सगळं तुकडे करून तासन् तास शिजवायचं. त्या नळीशिवाय केलं तर त्याला ते नाव द्यायचंच नाही असं जुने लोक म्हणायचे. आपल्याकडे वजडी खाणाऱ्यांना ह्यात काही विचित्र वाटणार नाही. आज बहुतेक ‘काउबॉय स्ट्यू’ म्हणजे खिमा, मका, डब्यातले बीन्स आणि बार्बेक्यू सॉस, ज्याचा ह्याच्याशी काडीचा संबंध नाही.

१३. चिली तरी नक्की काउबॉयचीच ना?

थोडी हो, बरीचशी नाही. चिली म्हणजे मिरचीत शिजवलेलं मांस, ते सॅन अँटोनिओ शहरातलं, मेक्सिकन बायका चौकात टेबलं मांडून विकायच्या, त्यांना ‘चिली क्वीन्स’ म्हणायचे. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तिचा स्टॉल लागला आणि मग देशभर झाली. तयार मसाला विल्यम गेबहार्टने बाजारात आणला तो पण १८९० च्या दशकात, म्हणजे ड्राइव्ह संपल्यावर. दक्षिण टेक्सासमधले मेक्सिकन कुक सुकी मिरची नक्कीच वापरत असणार, जंगली बारीक मिरची तिथे झुडपांवर उगवतेच, पण प्रत्येक वॅगनवर चिलीचं भांडं रटरटतंय हे चित्र नंतरचं. चिलीत बीन्स घालायच्या की नाही ह्यावर मी मत देणार नाही, बहिणीला तिथेच राहायचंय.

१४. आणि बार्बेक्यू ब्रिस्केट? काउबॉय कॅव्हिअर?

ब्रिस्केट म्हणजे गुरांच्या छातीचं मांस, ते मध्य टेक्सासमधल्या जर्मन आणि चेक खाटिकांच्या दुकानातून आलेलं, बारा-चौदा तास धूर द्यायला माणूस एका जागी बसायला हवा. काउबॉय कॅव्हिअर म्हणजे चवळीची कोशिंबीर, मूळ नाव टेक्सास कॅव्हिअर, हेलन कॉर्बिट नावाच्या शेफने १९४० च्या सुमारास केली, आणि ती मुळात न्यूयॉर्कची.

१५. भाज्या-फळं काहीच नाहीत, मग आजारी नाही पडायचे?

कांदे-बटाटे मिळाले तर असायचे (कांद्याला ‘स्कंकची अंडी’ म्हणायचे, स्कंक म्हणजे तिकडचा घाण वास सोडणारा प्राणी). डब्यातले टोमॅटो हळूहळू आले आणि ते फार आवडायचे, खारट धुळीने सुकलेल्या घशाला डबा फोडून सरळ तोंडाला लावायचा. वाटेत रानटी आलुबुखार, बोरंबिरं. प्रवास दोन-तीन महिन्यांचाच म्हणून निभावून जायचं.

१६. शेकोटीभोवती दारू?

वाटेत नाही. झोपेत दचकलेला कळप उधळला तर माणसं मरायची, त्यामुळे गुडनाइटसारखे मालक दारू आणि जुगार दोन्हीला बंदी घालायचे. गाव आल्यावर मग काय ती कसर भरून निघायची.

१७. सिनेमातला तो म्हातारा खडूस कुक खरा आहे का?

बराच. पगार काउबॉयपेक्षा जास्त, मान मॅनेजरच्या खालोखाल. पहाटे तीनला उठायचा, सगळ्यांच्या आधी पुढे जाऊन तळ लावायचा, शिवाय डॉक्टर, न्हावी, भांडणं सोडवणारा पण तोच. रात्री झोपण्याआधी वॅगनचा दांडा ध्रुवताऱ्याकडे करून ठेवायचा म्हणजे सकाळी ढग असले तरी उत्तर कुठे ते कळतं. अशा माणसाने चिडायचं नाही तर कोणी. नियमही त्याचेच: वॅगनजवळ घोडा वाऱ्याच्या खालच्या बाजूनेच आणायचा नाहीतर धूळ जेवणात, हाक मारल्याशिवाय झाकणाला हात नाही, उष्टी ताटली स्वतः नेऊन टबात टाकायची. आणि कॉफी घ्यायला उठलात आणि कोणी ‘किटलीपाशी माणूस आहे’ असं ओरडलं की सगळ्यांचे मग भरून द्यायचे.

सिनेमात चुकतं ते वेगळंच, बरेच कुक आणि काउबॉय मेक्सिकन किंवा कृष्णवर्णीय होते. गुडनाइटचा सगळ्यात विश्वासू माणूस बोस आयकर्ड हा गुलामीत जन्मलेला, आणि त्याच्या कबरीवरचा दगड स्वतः गुडनाइटने बसवून घेतला. कुकला ‘कूसी’ म्हणायचे तो शब्दसुद्धा स्पॅनिश कोसिनेरोचा.

१८. टेक्सासला गेल्यावर ‘ऑथेंटिक चकवॅगन डिनर’ खावं का?

खा की, मजा येते. पण स्टेक, मक्याची कणसं, लिंबू सरबत आणि गिटार असेल तर तो विसाव्या शतकातला पर्यटकांचा मेन्यू समजा. त्यापेक्षा कुकिंग स्पर्धा बघा, तिथे वॅगनचेही मार्क असतात, प्लॅस्टिक दिसलं की गेले मार्क. जेवण मात्र ठरलेलं, मांस, बीन्स, बटाटे, ब्रेड आणि एक गोड, म्हणजे ड्राइव्हपेक्षा जास्त राउंडअपचं (प्रश्न ४).

१९. आम्ही व्हेज आहोत, घरी काय करता येईल?

खारं मांस वगळलं की बीन्स व्हेजच. पिंटो नाहीतर वाघ्या घेवडा रात्रभर भिजवा, सकाळी पाणी बदलून जाड बुडाच्या पातेल्यात एक कांदा आणि एक सुकी लाल मिरची टाकून मंद आचेवर दोन-अडीच तास, मीठ शेवटी, थोडी काकवी चालेल. कुकर नको, शिट्ट्या नंतर वाजणारच आहेत. गरम मसाला, आलं-लसूण टाकायचा मोह होईल, टाकू नका, निदान पहिल्या वेळी तरी. मी गावी मावशीच्या चुलीवर गोवऱ्या लावून केल्या होत्या, तिने चव घेतली, माझ्याकडे बघितलं आणि न बोलता फोडणीचं पळीपात्र पुढे केलं.